पावस ते रत्नागिरी रोजची ये-जा: हायब्रिड गाडी घेण्याआधीचा हिशोब

घर पावसला, नोकरी रत्नागिरीत. नवरा-बायको दोघंही नोकरदार, सकाळी एकाच गाडीतून निघणारे. घरी आई-वडील आणि शाळकरी मुलगी. जुनी डिझेल हॅचबॅक पंधराव्या वर्षाला टेकली आहे. क्लच दाबून दाबून गुडघे बोलायला लागल्यामुळे आता ऑटोमॅटिकच घ्यायची, हे घरात ठरलेलं आहे. बजेट ऑन-रोड २१ लाखांपर्यंत. शोरूममध्ये सांगितलं गेलं, "हायब्रिड घ्या, २८चं ॲव्हरेज आहे." घ्यावी का, एवढाच प्रश्न. कुटुंब नमुन्यादाखल घेतलं आहे. रस्ते, गाड्या आणि नियम खरे आहेत. पेट्रोलचा भाव आणि किमतीतला फरक मात्र गृहीत धरलेला आहे, तिथे आपापले आकडे घालून हिशोब पुन्हा मांडावा.

कोटेशनवर नेमकं काय लिहिलंय

हायब्रिड लिहिलेल्या दोन गाड्यांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. माइल्ड हायब्रिडमध्ये बेल्टवर चालणारा एक स्टार्टर-जनरेटर आणि छोटी जास्तीची बॅटरी असते. सिग्नलला इंजिन बंद होतं, पाय उचलला की पुन्हा सुरू होतं, वेग घेताना मोटर थोडा हात देते. नुसत्या विजेवर ही गाडी फूटभरसुद्धा पुढे जात नाही. विजेवरच्या वाहनांना चालना द्यायला २०१५ साली सुरू झालेल्या केंद्राच्या फेम योजनेत अशा गाड्यांना अनुदान मिळायचं. १ एप्रिल २०१७ पासून ते बंद झालं, कारण इंधनाची बचत अनुदान देण्याजोगी नव्हती. पण गाडीवरचं नाव राहिलं, आणि घोळ तिथूनच होतो.

या घराच्या कामाची आहे ती स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे काही अंतर इंजिन बंद ठेवून नुसत्या मोटरवर चालू शकणारी. मारुतीची ग्रँड विटारा आणि टोयोटाची अर्बन क्रूझर हायरायडर या २०२२ साली आलेल्या दोन गाड्या यंत्रानं एकच आहेत: दीड लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन ९२ पीएसचं (पीएस म्हणजे ताकदीचं माप), मोटर ८० पीएसची, आणि दोन्ही मिळून ११६ पीएस. ९२ आणि ८० मिळून १७२ का होत नाहीत? कारण मोटरला वीज पुरवणारी बॅटरी इवलीशी आहे, ०.७६ युनिटची. घरच्या मीटरवर पाऊण युनिट म्हणजे दीड टनाचा एसी अर्धा-पाऊण तास. मोटर कितीही दणकट असली, तरी बॅटरी जेवढी वीज एका दमात देऊ शकते तेवढंच तिचं बळ. घाटात काय होतं ते कळायला हा आकडा लक्षात ठेवावा लागतो.

या गाडीला स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही, क्लच नाही. इंजिन, जनरेटर आणि मोटर एका प्लॅनेटरी गिअरनं जोडलेले असतात. एसीचा कॉम्प्रेसरही विजेवर चालतो. बिघडणारे बरेच नेहमीचे भाग मुळातच नसल्यामुळे यांत्रिक दुरुस्त्या कमी निघतात. जे निघतं ते इलेक्ट्रिकल असतं आणि ते नाक्यावरच्या गॅरेजचं काम नाही.

होंडा सिटीची हायब्रिड चालवायला फार गोड आहे, पण बॅटरीनं तिच्या डिकीतली निम्म्याला जवळ जाईल इतकी जागा खाल्ली आहे. साध्या सिटीची डिकी ५०६ लिटरची, हायब्रिडची ३०६. शिवाय ती बुटकी आहे. खळ्यापर्यंत, म्हणजे घरापुढच्या अंगणापर्यंत, कच्चा जांभ्याचा रस्ता असलेल्या घरासाठी तिचा विचार इथेच संपला.

किलोमीटरची फोड

शोरूममध्ये सांगितलेलं '२८' म्हणजे एआरएआय या वाहनं तपासणाऱ्या संस्थेचा २७.९७चा आकडा. तो प्रयोगशाळेत, ठरलेल्या चक्रावर काढलेला असतो. त्याचा उपयोग दोन गाड्यांची आपसात तुलना करण्यापुरता. आपली बचत ठरते ती आपले किलोमीटर कुठे खर्च होतात यावर, म्हणून आधी त्यांची फोड करायची.

पावस ते रत्नागिरी जाऊन-येऊन ४० किलोमीटर, महिन्याला २४ दिवस: वर्षाला ११,५२०. वडिलांच्या तपासण्यांसाठी महिन्यातून एकदा कोल्हापूर, आंबा घाटानं, जाऊन-येऊन ३००: वर्षाला ३,६००. मुंबईच्या तीन फेऱ्या, प्रत्येकी ७२०: २,१६०. एकूण १७,२८०.

रोजचा रस्ता हायब्रिडच्या पथ्यावर पडणारा आहे. भाट्याचा पूल ओलांडला की चढ, मग सडा (माथ्यावरचं कातळाचं पठार), मग उतार, वळणं, वाड्यांमधले गतिरोधक, शाळा सुटायच्या वेळेची गर्दी. वेग ३५ ते ४५ च्या आसपास. साधी गाडी अशा रस्त्यावर दर उताराला मिळवलेला वेग ब्रेकच्या उष्णतेत घालवते आणि पुढच्या चढाला पेट्रोल ओतते. हायब्रिडची मोटर उताराला जनरेटर होते, ब्रेकवर पाय ठेवला की वीज बॅटरीत जाते आणि पुढच्या वाडीतून इंजिन बंद ठेवून गाडी निघते. उतार लहान असल्यामुळे बॅटरी पूर्ण भरून वीज वाया जायची वेळ सहसा येत नाही. या रस्त्यावर हायब्रिडला लिटरला २३ आणि सहा गिअरच्या साध्या पेट्रोल ऑटोमॅटिकला १३.५ धरायला हरकत नाही.

कोल्हापूरच्या फेरीला हायब्रिड १८, साधी १४.५. मुंबई-गोवा महामार्गावर हायब्रिड १९, साधी १६. आता लिटर काढू. रोजची ये-जा: साधीला ८५३, हायब्रिडला ५०१. कोल्हापूर: २४८ आणि २००. मुंबई: १३५ आणि ११४. वर्षाची बचत ४२१ लिटर, १०५ रुपये भावानं सुमारे ४४,००० रुपये.

त्या ४२१ लिटरांपैकी ३५२ एकट्या पावस-रत्नागिरी रस्त्यावर वाचतात. वर्षभराच्या मुंबई फेऱ्यांत वाचतात ते जेमतेम २१. सलग ९०-१००च्या वेगाला इंजिन चालूच राहतं, उतार-थांबे नसले की परत मिळवायला ऊर्जाच नसते, आणि गाडी जवळजवळ साध्या पेट्रोल गाडीसारखी पेट्रोल पिते. हेच कुटुंब रत्नागिरी शहरात राहून फक्त महामार्गानं मुंबईला जाणारं असतं, तर हायब्रिडचे जादा पैसे गाडी विकेपर्यंत वसूल झाले नसते. "आम्ही लांब लांब फिरतो, म्हणून हायब्रिड" हे कारण बरेच जण देतात. हिशोब नेमका उलटा आहे.

किमतीतला फरक बघताना सारख्या सोयींची, ऑटोमॅटिकच गाडी शेजारी ठेवावी. एक्स-शोरूम फरक २ लाख १५ हजार धरला, तर त्यावर १२ टक्के मोटार वाहन कर आणि विम्याची वाढ धरून ऑन-रोड अडीच लाख होतात. अडीच लाख भागिले ४४ हजार, म्हणजे पावणेसहा वर्षं. मॅन्युअल गाडीशी तुलना केली तर फरक चार लाखांच्या घरात जातो, मॅन्युअलचं ॲव्हरेजही बरं असतं, आणि वसुलीचा काळ गाडीच्या आयुष्यापलीकडे जातो. ज्याला मॅन्युअल चालते त्यानं केवळ पेट्रोल वाचवायला हायब्रिड घेऊ नये.

सवलतींवर भिस्त ठेवू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर आले; इलेक्ट्रिक गाडीला ५ टक्के, पण चार मीटरपेक्षा लांब हायब्रिडला ४०, म्हणजे तेवढ्याच लांबीच्या साध्या पेट्रोल गाडीइतकेच. इलेक्ट्रिक गाडीसारखी हिरवी नंबरप्लेट मिळत नाही. थर्ड पार्टी विम्याच्या हप्त्यात ७.५ टक्के सूट आहे, पण दीड लिटरच्या गाडीला ती वर्षाला अडीचशे रुपयांच्या आसपास जाते.

आंबा घाट, चढताना आणि उतरताना

साखरप्यापासून घाट चढायला लागलं, गाडीत पाच माणसं आणि एसी चालू, की पहिल्या काही वळणांत मोटर जोरात साथ देते. मग स्क्रीनवरचे बॅटरीचे दांडे खाली येतात. आता चढाचा भार ९२ पीएसच्या तीन सिलिंडर इंजिनावर. ते वरच्या फेऱ्यांवर जाऊन बसतं आणि तिथेच एकसुरी ओरडत राहतं. गिअर बदलल्याचा आवाज येत नाही, कारण बदलायला गिअरच नसतात. गाडीला काही झालेलं नसतं, पण मालवाहू ट्रकला मागे टाकायला पायथ्याशी मिळालेला जोर वर माथ्याजवळ मिळणार नाही. ओव्हरटेक करताना अंतर जास्त धरावं. पायथ्यापर्यंत येताना ईव्ही मोडचं, म्हणजे नुसत्या विजेवर चालण्याचं, बटण दाबून बॅटरी रिकामी करत आणू नये.

उताराचा हिशोब आणखी महत्त्वाचा. गाडी आणि माणसं मिळून १,६०० किलो. ५०० मीटर उंची उतरताना सुमारे २.२ युनिट ऊर्जा मोकळी होते. टायरचं घर्षण, वारा आणि रूपांतरातली तूट वजा जाता एक युनिटभर वीज हाती येऊ शकते. बॅटरी पाऊण युनिटची, आणि तिचं आयुष्य टिकावं म्हणून यंत्रणा तिला पूर्ण भरूही देत नाही, पूर्ण रिकामीही होऊ देत नाही. भरायला खरा वाव त्याच्या निम्म्याच्या आसपास. म्हणजे घाटाचा पहिला तिसरा हिस्सा उतरला की बॅटरी भरली. त्यानंतर मोटरचं रोखणं जवळजवळ संपतं आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. रोजच्या रस्त्यावर ब्रेक लायनर फारसे झिजत नाहीत, म्हणून चालकाला त्यांची सवय राहिलेली नसते, आणि निम्म्या घाटात जळका वास यायला लागतो.

उपाय गिअरच्या दांड्यावरच आहे: 'बी'. माथ्यावरूनच 'बी'मध्ये घालायचं. बॅटरी भरली की यंत्रणा जनरेटरनं इंजिन नुसतं फिरवते, पेट्रोल न जाळता, आणि ते इंजिन गाडीला मागे ओढतं. उतारावर पाय पूर्ण उचललेला असताना इंजिनाचा आवाज चढत जातो. नव्या मालकाला वाटतं ॲक्सिलरेटर अडकला, आणि घाबरून तो दांडा पुन्हा 'डी'वर नेतो. नेऊ नये. घाट संपून सपाटी लागली की 'डी'.

न्यूट्रल कुठेच नको. 'एन'मध्ये बॅटरी चार्ज होत नाही, उतारावर मोटरचं रोखणंही मिळत नाही. गणपतीच्या गर्दीत इंदापूर-माणगावला गाडी तास-तास खोळंबते तेव्हा सवयीनं 'एन' टाकून बसणारे बरेच. एसी बॅटरीवर चालू असतो, बॅटरी उतरत जाते आणि इंजिन चालू असलं तरी ती भरत नाही. थांबायचं तर 'डी'त ब्रेकवर किंवा 'पी'मध्ये. मग इंजिन दर काही मिनिटांनी आपसूक सुरू होऊन बॅटरी भरून बंद होतं. अशा खोळंब्यात साध्या गाडीपेक्षा हायब्रिडचं पेट्रोल फारच कमी जातं.

खळ्यातून रिव्हर्स

कोकणातली घरं बऱ्याचदा रस्त्याच्या खाली. गाडी उतारानं खळ्यात जाते आणि सकाळी रिव्हर्समध्ये तोच चढ चढून वर यावी लागते. या पद्धतीच्या हायब्रिडमध्ये रिव्हर्सला चाकं फक्त मोटर फिरवते, इंजिनाचं बळ उलट्या दिशेला वापरता येत नाही. बॅटरीत दम असेल तोवर काही कळतच नाही. पण आदल्या रात्री बॅटरी तळाशी आणून गाडी लावली, सकाळी जांभ्यावर शेवाळ, आत पाच माणसं, आणि चढ खडा असेल तर गाडी निम्म्यावर कचरते.

म्हणून टेस्ट ड्राइव्ह शोरूमच्या सपाट रस्त्यावर संपवू नये. गाडी घरी मागवा. घरची सगळी माणसं बसवा, एसी चालू ठेवा, स्क्रीनवर बॅटरीचे दांडे कमी असताना तुमच्या खळ्यातून रिव्हर्स वर घ्या. चढावर थांबवा आणि तिथूनच पुन्हा मागे न्या. जमलं नाही तर गाडी रात्री रिव्हर्समध्येच आत लावायची सवय करावी लागेल, किंवा त्या चढाला कॉंक्रीटचे दोन पट्टे. शोरूमवाले घरी गाडी पाठवायला कुरकुर करतील. २० लाखांच्या खरेदीत एवढा हट्ट धरायलाच हवा.

त्याच दिवशी डिकीही बघून घ्या. बॅटरीमुळे तळ उंच झालेला असतो. एप्रिल-मे महिन्यांत कोल्हापूरला नातेवाइकांकडे आंब्याच्या पेट्या न्यायच्या असतील, तर रिकामी पेटी घरून आणून प्रत्यक्ष ठेवून बघा. आणि पेट्यांमधला पेंढा! बॅटरी थंड ठेवणारा पंखा केबिनमधली हवा जाळीतून ओढतो. जाळी मागच्या सीटच्या किंवा डिकीच्या बाजूला असते. नेमकी जागा ओनर्स मॅन्युअलमध्ये दाखवलेली असते. पेंढ्याची कुसळं, तांबडी धूळ, कुत्र्याचे केस तिथे जमले की पंखा घोंघावू लागतो, बॅटरी तापते, यंत्रणा मोटरचं बळ कमी करते आणि ॲव्हरेज पडतं. सर्व्हिसला ही जाळी काढून साफ केली का, हे दर वेळी विचारावं. जाळीसमोर पिशव्या रचू नयेत.

खारं वारं आणि पाऊस

रत्नागिरीची उष्णता या बॅटऱ्यांना फारशी जड जात नाही. पारा बहुतेक दिवस ३५च्या आतच. त्रास दमटपणाचा आणि मिठाचा. मोटर ब्रेकचं काम करत असल्यामुळे डिस्क कमी घासल्या जातात, आणि खाऱ्या हवेत न घासलेली डिस्क गंजते, कॅलिपरच्या पिना धरतात. साध्या गाडीत रोजच्या ब्रेकनं हा गंज आपोआप खरवडला जातो. इथे आठवड्यातून एकदा, मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नाही हे बघून दोन-चार वेळा जरा जोरात ब्रेक लावावा, आणि पावसाळा संपला की पिना सोडवून ग्रीस करून घ्यावं.

मागच्या बॅटरीपासून पुढच्या मोटरपर्यंत गाडीच्या पोटाखालून नारिंगी केबल जाते. तिचे जोड सीलबंद असतात. पण सील फसलं आणि मीठ आत शिरलं तर काय होतं ते अमेरिका-कॅनडात दिसलं: बर्फासाठी रस्त्यावर मीठ टाकतात, तिथल्या टोयोटाच्या काही रॅव्ह४ हायब्रिडमध्ये मागच्या मोटरच्या केबलचा जोड गंजून गाडी बंद पडू लागली, आणि टोयोटाला त्या भागाची वॉरंटी वाढवावी लागली. इथल्या हायरायडर किंवा ग्रँड विटाराच्या हायब्रिडला मागे मोटर नाही, तो जोडही नाही. तरी समुद्रापासून चार-पाच किलोमीटरवर राहणाऱ्यानं दर सर्व्हिसला गाडी लिफ्टवर चढवून केबल आणि अर्थिंगचे बोल्ट डोळ्यांनी बघावेत. गंजरोधक कोटिंग करून घ्यायचं तर अधिकृत वर्कशॉपमध्येच. नारिंगी केबल, जोड आणि अर्थिंगच्या जागा झाकून मगच फवारा मारायचा. गाडी पुळणीत, किनाऱ्याच्या वाळूत, उतरवू नये. धुताना प्रेशरचा पाइप जोडांवर धरू नये.

उंदीर-घुशींचा बंदोबस्त हवाच. बागेजवळ किंवा शेडमध्ये गाडी लावणाऱ्यांच्या वायरी कुरतडल्या जातात हे कोणाला सांगायला नको. पण इथे नारिंगी केबलचं आवरण कुरतडलं तर ती टेप गुंडाळून चालवता येत नाही, अख्खी बदलावी लागते.

पुराचं पाणी हा वेगळाच विषय. २२ जुलै २०२१ला चिपळूणमध्ये वाशिष्ठीच्या पाण्यात शेकडो गाड्या बुडाल्या, हे सगळ्यांनी पाहिलं आहे. हायब्रिडची मोठी बॅटरी खाली, डिकीच्या तळाशी असते. व्हाळावरून (ओढ्यावरून) पाणी वाहत असेल आणि दाराच्या उंबऱ्याला लागेल असं वाटलं तर गाडी घालायची नाही. पाण्यात उभी राहिलेली गाडी ओसरल्यावर "चालू होते का बघू" म्हणून बटण दाबायचं नाही, नारिंगी केबलला हात लावायचा नाही. टो करायची ती फ्लॅटबेडवरून, निदान पुढची दोन्ही चाकं उचलून. पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढली तर त्यांच्याबरोबर मोटर फिरते आणि वीज निर्माण करते.

वॉरंटी, विमा, वर्कशॉप

मारुती, टोयोटा आणि होंडा तिघंही हायब्रिड बॅटरीला ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर, जे आधी होईल तेवढी वॉरंटी देतात. या घराचे आठ वर्षांचे किलोमीटर १,३८,०००च्या आसपास, म्हणजे पूर्ण आठ वर्षांचं कवच मिळतं आणि जादा पैसे पावणेसहाव्या वर्षी, कवच असतानाच, वसूल होतात. हे जुळणं महत्त्वाचं आहे. हीच गाडी पर्यटकांच्या भाड्यासाठी वर्षाला ४०,००० चालवली तर चार वर्षांत कवच संपेल. व्यावसायिक वापराच्या अटीही आधी वाचायला हव्यात. पुरानं झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही.

ते विम्यात बसवायचं. साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत प्लॅस्टिक, रबर, टायर आणि बॅटरी यांवर ५० टक्के घसारा कापतात. म्हणून हा घसारा न कापणारं झिरो डेप्रिसिएशन कव्हर हवं, आणि त्यात हायब्रिड बॅटरी धरली आहे का हे ईमेलवर लेखी विचारावं. इंजिन प्रोटेक्शनच्या कव्हरात मोटर, इन्व्हर्टर आणि बॅटरी येतातच असं नाही. काही कंपन्यांचं त्यासाठी वेगळं कव्हर असतं. शोरूमनं लावलेल्या पॉलिसीवर सही करण्याआधी हा एक प्रश्न विचारला तरी पुष्कळ.

वर्कशॉपमध्ये सेल्समनला बाजूला ठेवून सर्व्हिस मॅनेजरला भेटावं. हाय व्होल्टेजचं प्रशिक्षण झालेले तंत्रज्ञ इथे किती आहेत? एक हजार व्होल्टचे इन्सुलेटेड हातमोजे आहेत का, आणि त्यांची तपासणी कधी झाली? बॅटरीचं काम इथे होतं की गाडी कोल्हापूर-गोव्याला जाते? फ्लॅटबेड कुठून येतो आणि पावसाळ्यात किती वेळात? बॅटरी आणि इन्व्हर्टरच्या आजच्या किमतीचं लेखी कोटेशन मिळेल का? ज्याला यांची उत्तरं तोंडपाठ आहेत, त्याच्याकडे गाडी सुरक्षित. शोरूम तालुक्याला आहे म्हणून वर्कशॉपही हायब्रिडला सज्ज असेल, असं धरून चालू नये.

इलेक्ट्रिक किंवा सीएनजी का नको?

प्रामाणिकपणे सांगायचं तर नुसत्या पैशांच्या हिशोबात दोन्ही हायब्रिडला मागे टाकतात. सीएनजीवर किलोला २४ किलोमीटर आणि ८५ रुपये भाव धरला तर वर्षाचा खर्च ६१,०००, हायब्रिडचा ८५,०००. पण ऑटोमॅटिक ही अट आहे, आणि या वर्गातली ग्रँड विटारा सीएनजीवर मॅन्युअलच मिळते. सिलिंडरनं डिकी जाते ती वेगळीच.

इलेक्ट्रिक गाडी युनिटला ७ किलोमीटर आणि १२ रुपये दरानं ३०,०००च्या आत वर्ष काढते. रोज ४० किलोमीटर, रात्री पडवीत चार्जिंग: यापेक्षा सोयीचं काय? घरात दुसरी पेट्रोल गाडी असती तर याच कुटुंबाला बिनदिक्कत इलेक्ट्रिक सुचवली असती. पण गाडी एकच आहे. वडिलांना मध्यरात्री घाट चढून कोल्हापूरला न्यायची वेळ येऊ शकते. आणि किनाऱ्यावर वादळानंतर वीज किती दिवस जाते, हे जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळानं दापोली-मंडणगडला दाखवून दिलं. एकाच गाडीवर सगळी भिस्त असलेल्या, रोज वाडी-वस्तीच्या रस्त्यानं जाणाऱ्या आणि ऑटोमॅटिक हवी असलेल्या या घरासाठी स्ट्राँग हायब्रिड हा आजचा योग्य निर्णय आहे.

मुंबईत राहून गणपती आणि शिमग्यापुरती गावी वापरायला गाडी ठेवणाऱ्यानं मात्र ती घेऊ नये. महिनोन्‌महिने उभ्या गाडीची १२ व्होल्टची साधी बॅटरी उतरते, आणि ती उतरली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी 'रेडी', म्हणजे निघायला तयार, होत नाही. ती जंप-स्टार्ट करता येते. पण मोठीच खाली गेली तर वर्कशॉपशिवाय इलाज नाही. दोन आठवड्यांतून एकदा कोणीतरी अर्धा तास गाडी फिरवणार असेल तरच ती गावात उभी ठेवावी. नुसती अंगणात चालू करून बंद केल्यानं भागत नाही. टाकीत पेट्रोल कधी संपू देऊ नये, कारण मग गाडी बॅटरी पिळत पुढे जाते. शेजाऱ्याची गाडी जंप करायला हायब्रिडची बॅटरी देण्याआधी मॅन्युअल वाचावं. बऱ्याच मॉडेलांना त्याची मनाई असते.

बुकिंग आणि ताबा

बुकिंगच्या पावतीवर 'स्ट्राँग हायब्रिड' आणि व्हेरियंटचं पूर्ण नाव लिहून घ्यावं. ताबा घेताना चेसिसवरून उत्पादनाचा महिना काढावा. चार-पाच महिने यार्डात उभी असलेली गाडी असेल तर १२ व्होल्टची बॅटरी नवी मागावी. रात्रभर न चालवलेल्या गाडीवर, काहीही चालू न करता, मल्टीमीटरनं व्होल्टेज मोजावं: १२.४च्या खाली असेल तर प्रश्न विचारावा. मग गाडी 'रेडी' करून स्क्रीनवरचा ऊर्जेचा प्रवाह बघावा, बॅटरीच्या पंख्याची जाळी कुठे आहे ते दाखवायला लावावं, स्पेअर चाक पूर्ण आकाराचं आहे का बघावं. बॅटरी वॉरंटीच्या पुस्तिकेवर चेसिस नंबर आणि विक्रीची तारीख भरून शिक्का घ्यावा, आणि दरवर्षीच्या सर्व्हिसला बॅटरी तपासणीचा छापील रिपोर्ट देण्याचं सर्व्हिस मॅनेजरकडून त्याच दिवशी लिहून घ्यावं. सातव्या-आठव्या वर्षी वॉरंटीचा दावा करायची वेळ आली, तर त्या सात कागदांची फाइल हाताशी असायला हवी.